ख्रिस्ती साधनेतील मार्गदर्शन आणि सांत्वन : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

आजचा सांगली जिल्हा 1949 मध्ये सातारा जिल्ह्यातून काही तालुके वेगळे काढून आणि आसपासचा संस्थानी मुलूख जोडून अस्तित्वात आला. त्याचे आरंभीचे नाव 'दक्षिण सातारा' असे होते व 1960 मध्ये ते 'सांगली' झाले. प्रशासनाने ही विभागणी केली असली, तरी कृष्णाकाठच्या या पट्ट्याचे सांस्कृतिक जीवन सलगच राहिले आहे. रामदासांचा सज्जनगड आणि वारकऱ्यांच्या दिंड्या यांनी घडविलेल्या या भूमीत एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशने आली. त्यांच्या शाळा व दवाखाने यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. तथापि ज्यांनी हा धर्म स्वीकारला, त्यांच्या आंतरिक जीवनाचा विचार तुलनेने कमी झालेला दिसतो. संकटात आणि निर्णयाच्या क्षणी ख्रिस्ती माणूस ईश्वराकडे नेमके काय मागतो, आणि जे मिळाले ते ईश्वराकडूनच आले हे तो कशावरून ओळखतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दविचार

योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या शिष्यांचा निरोप घेताना पवित्र आत्म्याचे आश्वासन देतो. तेथे मूळ ग्रीक शब्द 'पॅराक्लेटोस' असा आहे. साहाय्यासाठी जवळ बोलाविलेला, हा त्याचा शब्दशः अर्थ. नव्या करारात हा शब्द केवळ पाच वेळा येतो. 1611 च्या इंग्रजी भाषांतराने या शुभवर्तमानात त्यासाठी 'सांत्वन करणारा' अशा अर्थाचा शब्द वापरला. प्रचलित मराठी बायबलात मात्र 'कैवारी' हा शब्द आढळतो आणि तो अधिक बोलका आहे. मराठी माणूस दुबळ्याचा कैवार घेतो, म्हणजे त्याच्या बाजूने उभा राहतो, प्रसंगी त्याच्यासाठी भांडतो. डोळे पुसणे हे कैवाऱ्याचे पहिले काम नव्हे.

तेविसाव्या स्तोत्रातही असेच आहे. ईश्वर मेंढपाळ आहे व तो आपल्या कळपाला योग्य वाटेने नेतो, ही त्यातील मध्यवर्ती प्रतिमा. मराठी भाषांतरात मेंढपाळाच्या हातातील साधनांसाठी 'आकडी' आणि 'काठी' असे शब्द आले आहेत, आणि या दोन वस्तू भक्ताला 'धीर' देतात. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतील वाचकाला ही प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही. पावसाळा सरला की चाऱ्याच्या शोधात मेंढरे घेऊन दूरवर जाणारा धनगर त्याने पाहिलेला असतो. ज्या काठीने तो मेंढराला वाटेवर आणतो, तीच लांडग्यावर उगारतो. मार्गदर्शन व सांत्वन यांना आपण सहसा दोन निरनिराळ्या गोष्टी मानतो. स्तोत्रकर्त्याने त्या एकाच हातात ठेवल्या आहेत. वळविणारी काठी मेंढराला त्या क्षणी सुखद वाटत असेल, असे मात्र समजण्याचे कारण नाही.

मिरज : सांत्वनाचे दृश्य रूप

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी सांत्वनाविषयी एक महत्त्वाचे विधान आहे. ईश्वर आपले सांत्वन करतो ते आपण इतर पीडितांचे सांत्वन करावे यासाठी, असा त्याचा आशय आहे. मिरज येथील वैद्यकीय सेवेकडे या दृष्टीने पाहता येते. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले. त्यांनी प्रथम सांगलीत काम केले आणि नंतर मिरजेत 1894 मध्ये रुग्णालय सुरू झाले. 1928 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांचे कार्यक्षेत्र मुख्यतः हेच होते. कुष्ठरुग्णांसाठी स्वतंत्र व्यवस्था झाली, आणि सांगली व मिरज यांच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. तो परिसर आजही वानलेसवाडी म्हणून ओळखला जातो.

यातील शेवटच्या दोन रोगांचा विशेष विचार करावयास हवा. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 मध्ये लागला, आणि कुष्ठरोगावरील परिणामकारक औषधेही त्याच दशकात वापरात येऊ लागली. त्यापूर्वी क्षयरोग्याला विश्रांती, मोकळी हवा व सकस आहार यांपलीकडे फारसे काही देता येत नसे, आणि तो बरा होईलच असे वचन कोणी देऊ शकत नसे. अशा रुग्णाजवळ वर्षानुवर्षे कोणीतरी राहिले, ही गोष्ट 'कैवारी' या शब्दाच्या अर्थाशी जुळणारी आहे. रोगमुक्ती हीच ईश्वरी सांत्वनाची खूण मानली, तर या आरोग्यधामातील अनेकांच्या वाट्याला सांत्वन आलेच नाही असे म्हणावे लागेल. ख्रिस्ती धर्मविचार तसे म्हणत नाही. पण हे उत्तर रुग्णाच्या खाटेवरून दिले जाते तेव्हाच त्याला वजन असते, बाहेरून दिल्यास ते पोकळ वाटू शकते.

नारायण वामन टिळक : वाट आणि माय

मार्गदर्शनाच्या प्रश्नासाठी रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861-1919) यांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. कोकणातील चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले टिळक नागपूरहून राजनांदगावकडे जात असताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते पुस्तक सोडवेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, दिशा अकस्मात मिळाली असली तरी तिची पडताळणी दीर्घकाळ चालली होती. भेट आणि बाप्तिस्मा यांच्या दरम्यान वाचन, पत्रव्यवहार व मनाची ओढाताण यांत बराच काळ गेला.

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो, अशी टिळकांची स्वतःची धारणा होती. ख्रिस्ताला ते 'गुरू' मानीत आणि 'माय'ही मानीत. गुरू वाट दाखवितो, माय कुशीत घेते; म्हणजे मार्गदर्शन व सांत्वन यांची जी जोडी स्तोत्रकर्त्याला मेंढपाळात दिसली, ती टिळकांना माय-गुरूत दिसली. ही कल्पना बायबलला परकी नाही. यशयाच्या सहासष्टाव्या अध्यायात ईश्वराच्या सांत्वनाला आईच्या सांत्वनाची उपमा दिलेली आहे. परंतु विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या परंपरेत वाढलेल्या मनाला ती जेवढ्या सहजतेने भिडली, तेवढी ती मिशनऱ्यांच्या शिकवणीतून भिडली असती का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. 'उपासनासंगीत' या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात टिळकांची गीते मोठ्या संख्येने आहेत.

साताऱ्यातील 'देवाचा दरबार'

1917 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बरोबरीने सहभागी व्हावेत, अशी त्यांची कल्पना होती. आपण हे ईश्वराच्या प्रेरणेने करीत आहोत, याविषयी त्यांना संदेह नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र संदेह पडणे स्वाभाविक होते. बाप्तिस्म्याची अट शिथिल करणे अनेक ख्रिस्ती लोकांना मान्य होण्यासारखे नव्हते. घरात नियमित मिळकत उरली नाही. 9 मे 1919 रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.

मग ते मार्गदर्शन चुकीचे होते काय? ख्रिस्ती परंपरेला हा प्रश्न नवा नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातच आत्म्यांची पारख करण्याची सूचना आहे. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी या पारखेचे नियम मांडले. मनाला लाभणारी शांती ही ईश्वरी प्रेरणेची खूण असू शकते, पण खोटी शांतीही असते, असा इशारा त्यांनी दिला. आणि मन उदास व कोरडे झालेले असताना पूर्वी केलेला निश्चय बदलू नये, असे सांगितले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी शास्त्रवचन व मंडळीचा विचार या दोन कसोट्यांवर भर दिला. टिळकांचा निर्णय शास्त्रवचनाच्या कसोटीवर त्यांच्या दृष्टीने उतरत होता. मंडळीच्या कसोटीवर तो पूर्णपणे उतरला असे म्हणता येत नाही. यशापयशाची कसोटी लावावी तर तीही पुरी पडत नाही. टिळकांच्या विचाराने प्रभावित झालेले इंग्रज धर्मोपदेशक जे. सी. विन्सलो यांनी 1922 मध्ये 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला आणि पुढे टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले. साताऱ्यात मावळलेली कल्पना अशी दुसरीकडे वेगळ्या रूपाने उगवली.

लक्ष्मीबाई

या चर्चेत एक बाजू नेहमी मागे पडते. एकाला मिळालेल्या मार्गदर्शनाची किंमत बहुधा दुसरेही कोणी चुकवीत असते. 1895 मध्ये पतीने धर्मांतर केले तेव्हा लक्ष्मीबाई टिळक (1868-1936) यांची त्याला संमती नव्हती. त्यानंतर काही वर्षे त्या पतीपासून दूर, नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे त्या तेव्हाच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, पतीकडे आल्या आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांना कोणी आगगाडीत पुस्तक दिले नव्हते. सोवळेओवळे, जातिभेद आणि रोजचा संसार यांच्याशी झगडताना त्यांची वाट हळूहळू उलगडत गेली. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त टिळकांच्या श्रद्धेविषयी आदर आहे, तसाच त्यांच्या लहरी उदारपणावर मिस्कील कटाक्षही आहे. ईश्वरी प्रेरणेची पारख करणारी मंडळी कधीकधी एका माणसाची आणि स्वयंपाकघरात बसलेली असते, असे हे पुस्तक वाचताना वाटते.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले होते. त्यांच्या निधनामुळे ते आरंभीच्या अध्यायांवरच थांबले. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या लक्ष्मीबाईंनी वैधव्यात ते पुढे चालविले. या काव्याचे बहुतेक अध्याय त्यांच्या हातचे आहेत.