खजूर कोणाचा, बटाटा कोणाचा?

रमजानमध्ये एकादशी आली की शेजारच्या दोन्ही घरांत उपास असतो. संध्याकाळी भाभी खजुराची बशी घेऊन येतात.

"वहिनी, तुमच्या उपासाला चालतो ना?"

"न चालायला काय झालं? जाताना साबुदाण्याची खिचडी न्या इफ्तारला."

इफ्तारचा खजूर हा शब्द संस्कृत 'खर्जूर'मधून आला. एकादशीचा बटाटा पोर्तुगीजांनी नावासकट आणला. साबुदाण्यातला 'साबू' मलाय भाषेतल्या 'सागू'चा. शीरखुर्म्यातलं शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. दोन्ही शब्द फारसी. दिवाळीची बर्फीही फारसी 'बर्फ'वरूनच. आमचं-तुमचं निवडायला बसलं, तर दोन्ही घरची ताटं अर्धी रिकामी होतील. त्यापेक्षा बशी भरून परत पाठवलेली बरी.