कुत्र्याला सलामी, सॉसेज घालावे काय?

गेल्या पौर्णिमेला विहारातून वंदना आटोपून निघालो, तोच चाळीतील एका मुलीने आम्हाला अडवले. "काका, आमचा मोत्या रात्रीपासून ओकतोय. सारखा पाण्याला जातोय. पायही लटपटतात." मोत्या म्हणजे तीन किलोचे पिल्लू. तिचा भाऊ कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. त्याने उरलेली सलामी आणून हौसेने पिल्लाला घातली होती. पाण्याची वाटी मात्र रात्रभर लवंडलेली!

शेजारच्या आजी मिठाचे पाणी पाजून उलटी काढायच्या बेतात होत्या. ते आम्ही आधी थांबवले. मीठ बाधलेल्या जनावराला आणखी मीठ? मग टॅक्सी करून परळचे बैलघोडा इस्पितळ गाठले. १८८३ पासून मुक्या जनावरांची सेवा करणारे हे इस्पितळ गिरणगावातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहेच. मोत्या वाचला.

आता हिशेब पाहू, आम्ही पडलो कारकून. १०० ग्रॅम सलामीत ३ ते ४ ग्रॅम मीठ असते. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे २ ते ३ ग्रॅम मीठ पोटात गेले की बाधा दिसू लागते. ४ ग्रॅमला जीव जाऊ शकतो. म्हणजे मोत्यासारख्याला पाव किलोच्या आतच धोका, आणि पाणी नसेल तर अधिकच. पंधरा किलोच्या कुत्र्याने एखादा तुकडा पळवला तर घाबरण्याचे कारण नाही. पण रोजचा खाऊ म्हणून सॉसेज नकोच. त्यातल्या चरबीने स्वादुपिंडाला सूज येते, आणि मसाल्यातली कांदा-लसणाची पूड कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. खाऱ्या बांगड्याचेही तेच, मीठ भरपूर.

काही बांधव म्हणतील, कुत्र्याचे एवढे लाड कशाला? चवदार तळ्यावर कुत्र्यामांजरांना पाणी होते, आपल्या बापजाद्यांना नव्हते. त्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना महाडला सत्याग्रह करावा लागला. खरे आहे. पण त्यात कुत्र्याचा काय दोष? पंचशीलातले पहिले शील आपण रोज म्हणतोच.

मांस घालायचेच तर बिनमिठाचे, उकडलेले, हाडे काढलेले कोंबडीचे तुकडे भातात कालवून घालावेत. वाटी जड घ्यावी, लवंडणार नाही अशी. लटपट, थरथर किंवा आकडी दिसली तर घरगुती उपाय न करता थेट जनावरांचा डॉक्टर गाठावा.

मोत्याचा भाऊ परवा भेटला. आता तो दुकानातून रिकाम्या हाताने येतो, आणि मोत्या त्याच्या पिशवीचा वास घेऊन रुसून बसतो म्हणे.