मूल वाढताना : चढ कोणता, उतार कोणता?

मूल वाढवणे ही काय शिकवायची गोष्ट आहे, असे पुष्कळांना वाटते. आपल्या आज्या-पणज्यांनी सात-सात, आठ-आठ मुलांचे केले, त्यांना कुणी भाषण ऐकवले नव्हते. हे खरे आहे. पण घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला विचारून पाहा, "आजी, मुलं किती झाली तुम्हाला?" ती म्हणेल, "झाली आठ, राहिली पाच." बाकीची तीन कशाने गेली? एक हगवणीने गेले, एक तापाने गेले, आणि एक "असंच वाळत वाळत गेलं, काही कळलंच नाही."

आज दिवस बदलले आहेत. लसी आल्या, दवाखाना जवळ आला, गावोगाव अंगणवाडी आली. तरी "काही कळलंच नाही" ही गोष्ट अजून पुरती गेलेली नाही. तिच्याविषयीच थोडे बोलू.

लहान मुलाची वाढ एका चालीने होत नाही. मूल चार दिवस खाते, चार दिवस खात नाही. आज शहाण्यासारखे वागते, उद्या जमिनीवर लोळण घेते. यातले पुष्कळसे उतार हे वाढीचाच भाग असतात. ते आपोआप जातात. काही थोडे उतार मात्र धोक्याचे असतात. आपला घोटाळा असा होतो, की पहिल्या प्रकारच्या उताराने आपण घाबरून जातो आणि दुसऱ्या प्रकाराला "होईल बरं आपोआप" म्हणून सोडून देतो. या दोहोंतला फरक ओळखता आला, की आईबापांचे निम्मे काम झाले.

सर्वांत मोठी तक्रार जेवणाची. "वर्षाचं होईतो कसं गुटगुटीत होतं, आता घासाला तोंडच लावत नाही." आता जरा हिशेब पाहा. जन्मताना मूल तीन किलोचे असेल, तर पाच महिन्यांच्या सुमारास ते सहा किलोचे होते आणि वर्षाचे होईतो नऊ किलोचे. म्हणजे एका वर्षात सहा किलो वाढले. दुसऱ्या वर्षी मात्र त्याचे वजन दोन-अडीच किलोच वाढते, आणि पुढे वर्षाला साधारण दोन किलो. वाढ मंदावली की भूकही त्या मानाने मंदावते. शिवाय आता ते चालू लागलेले असते. कोंबडी, मांजर, अंगणातला नळ, सगळे पाहायचे असते. ताटापुढे बसायला त्याला सवड कुठे आहे? हा उतार नैसर्गिक आहे. अशा वेळी नाक दाबून घास कोंबला, तर मूल जेवणालाच भिऊ लागते. खेळकर असेल, तरतरीत असेल, वजन थोडे थोडे वाढत असेल, तर एखाद्या दिवशी कमी जेवले म्हणून जीव टांगणीला लावू नका. अन्न पुढे ठेवा, गोड बोलून भरवा, त्याच्या हातानेही खाऊ द्या. सांडले तर सांडू द्या.

पण याच तक्रारीच्या आड दुसरा एक उतार लपलेला असतो. तो सहाव्या महिन्यानंतर सुरू होतो. पहिले सहा महिने आईचे दूध पुरते. वरून पाणीसुद्धा लागत नाही. पुढे दूध चालू ठेवून अन्नाची जोड द्यावी लागते, आणि दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ आईचे दूध चालू ठेवणे चांगले. आपल्याकडे उष्टावण करतात, ते याच वेळी. सोहळा होतो, मामा घास भरवतो, फोटो निघतो. आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाला मिळते ते वरणाचे पाणी नाहीतर भाताची निवळ पेज. मुलाचे पोट लहान. ते पाण्यानेच भरले, तर त्यात अन्न मावणार कुठे? म्हणून घास दाट हवा. चमच्यातून सहज ओघळणार नाही इतपत दाट. कुस्करलेला वरणभात, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, नाचणीची दाट खीर, कुस्करलेले केळे, उकडलेले बटाटे, शिजवून घोटलेली भाजी, उकडलेले अंडे, जे घरात असेल ते चालेल. वर चमचाभर तेल किंवा तूप घातले, की थोड्या अन्नात अधिक बळ मिळते. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा द्या, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, आणि मधे एखाद-दोनदा काहीतरी खायला. वर्षाच्या मुलाला आई जेवते त्याच्या निम्मे अन्न लागते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते.

मुलाची ताटली वेगळी ठेवा. मोठ्यांच्या ताटात बसवले, म्हणजे त्याने किती खाल्ले ते कुणालाच कळत नाही. मध एक वर्षाच्या आत नको. आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत हातात देऊ नका. ते श्वासनलिकेत अडकतात. कूट करून घाला.

दुसरी गोष्ट हगवणीची. "दात येताहेत, म्हणून पोट बिघडलंय," हे वाक्य घरोघर ऐकू येते. दात येताना हिरड्या शिवशिवतात, मूल चिडचिडते, लाळ गाळते, हे खरे. पण हगवण दातांनी लागत नाही. त्याच वयात मूल रांगू लागते आणि हाती लागेल ते तोंडात घालते. मातीतली, माशांची, न धुतलेल्या हातांची घाण पोटात जाते. दोष त्या घाणीचा, आणि आळ येतो बिचाऱ्या दातांवर. यात नुकसान असे, की दातांचे म्हणून आपण स्वस्थ बसतो.

हगवण हा खरोखर धोक्याचा उतार आहे, कारण तो एका दिवसात खाली नेतो. मूल मरते ते बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ते परत भरले, की मूल वाचते. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित आपल्याकडे आले. पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मिसळलेले पाणी नातेवाइकांच्याच हाती दिले आणि पाजायला सांगितले. तेथील मृत्यूचे प्रमाण शंभरामागे चारांच्याही खाली आले. तीच आपली जलसंजीवनी. तिची पुडी अंगणवाडीत, आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात मिळते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक लिटरची पूर्ण पुडी घाला. अर्धी पुडी नको, अंदाजाने पाणीही नको. दर जुलाबानंतर चमच्या-चमच्याने पाजा. ओकले तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा हळूहळू द्या. एकदा केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्या. सोबत डॉक्टर किंवा आरोग्य सेविका सांगतील त्याप्रमाणे झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्या. जुलाब थांबले तरी त्या मधेच सोडू नका.

आणि लंघन घडवू नका, बरं का! आईचे दूध चालू, मऊ अन्नही चालू. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक वेळ जास्त जेवण द्या, म्हणजे गेलेले वजन भरून निघते. मात्र डोळे खोल गेले, टाळू खोल गेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश परतते आहे, मूल मलूल पडले आहे, पाणी पीत नाही किंवा शौचातून रक्त पडते आहे, असे दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. तसेच उचला आणि दवाखाना गाठा. वाटेतही पाणी पाजत राहा.

आता हट्टाकडे वळू. दीड ते तीन वर्षांच्या मुलाचा आवडता शब्द कोणता? "नाही." अंघोळ? नाही. सदरा? नाही. बाजारात फुगा दिसला आणि मिळाला नाही, की भर रस्त्यात लोळण! चार लोक पाहतात, आई ओशाळते आणि पाठीत धपाटा बसतो. पण जरा मुलाच्या बाजूने पाहा. आपल्याला स्वतंत्र इच्छा आहे हे त्याला नुकतेच उमगले आहे. ती सांगायला शब्द पुरेसे नाहीत, आणि राग आवरण्याचे बळ अजून आलेले नाही. मग अंग बोलते. हाही नैसर्गिक उतार आहे. बोलणे वाढेल तसा तो ओसरतो.

अशा वेळी मारू नये, कारण मारातून मूल मारच शिकते. लगेच फुगाही घेऊन देऊ नये, कारण मग लोळण घेतले की वस्तू मिळते, हा धडा पक्का होतो. जवळ थांबावे, इजा होऊ देऊ नये, आणि भर ओसरला की पोटाशी घ्यावे. बागुलबुवाची, पोलिसाची, सुईवाल्या डॉक्टरची भीती घालू नये. पुढे खरोखर सुई टोचायची वेळ येते, तेव्हा हीच भीती आडवी येते. "सदरा घाल" म्हणण्याऐवजी "लाल घालतोस की निळा?" असे विचारले, तर पुष्कळ भांडणे टळतात. आणि घरातल्या मोठ्यांनी एकमताने वागावे. आईने नको म्हणायचे आणि आजीने पदराआडून द्यायचे, अशाने मूल गोंधळते.

घरात दुसरे बाळ आले, म्हणजे पहिल्याचा खरा उतार सुरू होतो. शहाणे झालेले मूल पुन्हा अंथरुणात शू करते, कडेवर घ्या म्हणते, बाळाला चिमटा काढते. भाताचे रोप लावणीनंतर काही दिवस माना टाकते, मग मूळ धरते, तसेच हे. त्याला बाळाचे दुपटे आणायला सांगा, रोज थोडा वेळ फक्त त्याचा म्हणून ठेवा, म्हणजे ते सावरते.

पण इथेच एक धोकाही आहे. आफ्रिकेत आजच्या घाना देशात काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी मुलांच्या अंगावर सूज आणणाऱ्या एका कुपोषणाचे वर्णन केले, आणि १९३५ साली त्याला तेथील गा भाषेतले नाव दिले : क्वाशिओरकोर. धाकटे जन्मल्यावर थोरल्याला जडणारा आजार, असा त्या शब्दाचा आशय आहे. तेथल्या बायकांनी ही गोष्ट डॉक्टरांच्या आधी ओळखली होती. नवे बाळ आले, की थोरल्याचे दूध एकदम तुटते, अन्न बेताचे मिळते आणि लक्षही उडते. पुन्हा दिवस गेले म्हणून थोरल्याला एकाएकी तोडू नका, आणि त्याच्या ताटलीकडे दुप्पट लक्ष ठेवा. दोन्ही पावलांवर सूज दिसली, बोटाने दाबल्यावर खळगा राहू लागला, तर "बाळसं धरलंय" असे समजू नका. ते दवाखान्यात नेण्याचे लक्षण आहे.

मग चढ-उतार ओळखायचा कसा? नुसत्या डोळ्यांनी ते नेहमीच कळत नाही. रोज पाहणाऱ्याला तर मुळीच कळत नाही. त्यासाठी वजनकाटा. देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि तिच्यातून अंगणवाडी आली. तेथे दरमहा मुलाचे वजन करून आलेखावर ठिपका देतात. ठिपके जोडून होणारी रेघ वर जाते आहे का, हे पाहायचे. शेजारच्या मुलाशी तुलना नको. आपल्या मुलाची आपल्याशीच तुलना. रेघ एक महिना आडवी गेली, तर सेविकेला विचारा. दोन महिने आडवी राहिली किंवा खाली वळली, तर मूल हसत-खेळत असले तरी डॉक्टरांना दाखवा. सहा महिन्यांनंतर पाच वर्षांपर्यंत मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण होय. तेथे एक दिवसही दवडू नये.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तिसरी-चौथीतली एखादी मुलगी वारंवार गैरहजर राहते, किंवा धाकट्याला कडेवर घेऊन वर्गात येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण होती. पुढे कोसबाड येथे त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदवून विकासवाडी चालवली. आपल्याला तेवढे जमणार नाही कदाचित. पण त्या मुलीला परत पाठवू नका. जलसंजीवनी कशी करायची, हात कधी धुवायचे, धाकट्याला काय भरवायचे, हे वर्गातल्या सगळ्यांना, मुलग्यांनासुद्धा, करून दाखवा. दुपारी आई शेतावर असते, तेव्हा घरात धाकट्याचे करणारी हीच मुले असतात.

तेव्हा मंडळी, मूल जेवले नाही, रुसले, रडले, तर धीर धरा. वजनाची रेघ थांबली, हगवण लागली, अंगावर सूज आली, तर मात्र धीर धरू नका. या महिन्याचे वजन व्हायचे राहिले असेल, तर उद्या सकाळीच मुलाला घेऊन अंगणवाडीत जा.