अंगणातली आजारी कोंबडी

नवा रायपुर आखीव रस्त्यांचं शहर आहे, पण त्याने पोटात घेतलेल्या गावांमधून अंगणातल्या कोंबड्या अजून हटलेल्या नाहीत. अशी एखादी कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात बसली की घरात उरलेली प्रतिजैविकाची गोळी शोधली जाते. माझ्या मते आधी नीट पाहावं. अंग गरम लागलं म्हणजे ताप नव्हे; कोंबडीचं तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. खुडूक कोंबडीही फुगून बसते, तिला औषध कशाला? विष्ठेत रक्त असेल तर रक्ती हगवणीचा संशय घ्यावा; रात्रभर उपाशी राहूनही सकाळी गळ्याखालची अन्नपिशवी टम्म असेल तर चारा अडकल्याचा. हिरवट हगवण, धाप आणि मुरगळलेली मान एकत्र दिसली तर बहुधा मानमोडी, म्हणजे राणीखेत. हा विषाणूचा रोग; प्रतिजैविकाने तो हटत नाही. त्यापासून खरा बचाव पिल्लाला पहिल्या आठवड्यात दिलेल्या लासोटा लशीच्या थेंबाचा.

कोंबडीच्या किमतीपेक्षा डॉक्टरची फी जास्त, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच तिला वेगळं, उबदार ठेवणं आणि स्वच्छ पाणी देणं घरीच करावं. पण प्रश्न एका कोंबडीचा नसतो, सगळ्या खुराड्याचा असतो. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. पटापट कोंबड्या मरू लागल्या तर त्या कापू नका, उघड्यावर फेकू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.