पावनखिंडीच्या वाटेवरील नवखे

आषाढाचा पाऊस धरला की कोल्हापूर जिल्ह्यात एका वाटेची चर्चा सुरू होते. पन्हाळ्याच्या राजदिंडीतून उतरून, मसाईच्या पठारावरून, पुढे शाहूवाडी तालुक्यातील वाड्यावस्त्यांमधून पावनखिंडीपर्यंत आणि तेथून विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरपर्यंत जाणारी ही वाट. महाविद्यालयांतील विद्यार्थी, कचेऱ्यांतील मित्रमंडळे, निरनिराळ्या संस्थांच्या मोहिमा अशी हजारो माणसे जुलै महिन्यात या वाटेने चालतात. त्यांतील पुष्कळजण डोंगरात प्रथमच पाऊल टाकीत असतात. ही गोष्ट स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु नवख्याला निघण्यापूर्वी जे सांगावयास हवे ते बहुधा कोणी सांगत नाही. त्याला घोषणा शिकविल्या जातात, इतिहास ऐकविला जातो, क्वचित एखादी टोपीही मिळते. पायात काय घालावे, ओढ्याला पाणी आल्यास काय करावे आणि कोणत्या क्षणी परत फिरावे, हे मात्र त्याने स्वानुभवाने शिकावे अशी अपेक्षा असते. डोंगरात हा स्वानुभव कधीकधी फार महाग पडतो.

या संदर्भात एका अगदी वेगळ्या खेळाकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. आल्प्स पर्वतात, आणि आपल्या देशात गुलमर्ग व औली येथे, बर्फावरून लाकडी वा कृत्रिम पट्ट्यांच्या साहाय्याने घसरत जाण्याचा, म्हणजे स्कीइंगचा, खेळ चालतो. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले त्याला आता शंभर वर्षे उलटून गेली. या शतकात त्या लोकांनी एक गोष्ट मनापासून केली. त्यांनी डोंगराच्या उतारांना रंग दिले. युरोपात हिरवा आणि निळा उतार सोपा, तांबडा मध्यम, काळा केवळ निष्णातांसाठी. बर्फ कोसळण्याचे भय असेल त्या दिवशी उतार बंद. फलक लागतो, दोरी बांधली जाते. नवख्याला पहिले काही दिवस शिक्षकाच्या देखरेखीखाली लहानशा उतारावर पडायला आणि उठायला शिकविले जाते. १९६७ साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने या खेळासाठी वर्तनाचे दहा नियम ठरविले. मागून येणाऱ्याने पुढच्याला जपावे, अरुंद जागी अकारण थांबू नये, अपघात दिसला तर मदत करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य, अशा स्वरूपाचे हे साधे नियम आहेत.

आमच्याकडे काय होते? पन्हाळा ते पावनखिंड हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते. ज्याने आयुष्यात कधी सलग दहा किलोमीटर चाल केलेली नाही, असा बँकेतील कारकून किंवा अकरावीतील विद्यार्थी ते दोन दिवसांत चालावयास निघतो. आणि तेही भर जुलैमध्ये, जिल्ह्यातील अतिशय पावसाच्या पट्ट्यातून. म्हणजे पहिल्याच दिवशी काळा उतार! मौज अशी की हीच वाट कार्तिकात हिरवी असते. दिवाळीनंतर ओढे शांत होतात, लाल मातीवर पाय ठरतो, पठारावरून दूरदूरचे दिसते. वाट तीच, परंतु ऋतूगणिक तिचा रंग पालटतो, हे ज्याने ध्यानात घेतले त्याने निम्मे शिक्षण पुरे केले. आषाढात जाण्यामागची भावना आम्ही जाणतो. तिथीचे महत्त्व आहेच. परंतु ज्याला ही वाट एकदा चालावयाची आहे त्याने पहिली फेरी हिवाळ्यात करावी आणि दुसरी आषाढात, हा आमचा पहिला सल्ला.

ज्यांना हा धीर नाही त्यांनी निदान सगळी वाट अंगावर घेऊ नये. कोल्हापुराहून मलकापूरमार्गे विशाळगडाकडे जाणारी सडक पांढरपाणीवरून जाते आणि पावनखिंड या सडकेपासून दूर नाही. सकाळच्या एस.टी.ने पांढरपाणीस उतरावे, खिंडीपर्यंत चालावे, पाऊस आवाक्यात असल्यास गजापुराकडे जावे आणि संध्याकाळच्या आत परतावे. एका दिवसाच्या या चालीत सह्याद्रीचा पाऊस म्हणजे काय याची पुरेशी कल्पना येते. प्रत्यक्ष विशाळगडावर जाण्यासंबंधी प्रशासनाचे निर्बंध वेळोवेळी असतात. त्याची चौकशी घरून निघण्यापूर्वीच करावी, पायथ्याशी पोहोचून हुज्जत घालू नये.

आता साहित्याविषयी. कोल्हापुरी पायताण जगात कितीही नावाजलेले असो, आषाढात ते घरी ठेवावे. तळव्याला खोल खाचा असलेले, आधी महिनाभर वापरून पायाला सरावलेले बूट हवेत. नवे कोरे बूट पहिल्या दहा किलोमीटरांत टाचेला फोड आणतात. जाड सुती विजार पाणी पिऊन जड होते आणि वाळण्याचे नाव घेत नाही, त्याऐवजी हलकी, लवकर वाळणारी विजार घालावी. मसाईच्या पठारावर छत्रीचा उपयोग वाऱ्याला करमणूक पुरविण्यापलीकडे नाही. कपड्यांचा एक पूर्ण कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा आणि मुक्कामावर पोहोचेपर्यंत तो उघडू नये. हा जोड सोयीसाठी नसून जिवासाठी आहे. ओले अंग आणि सुसाट वारा एकत्र आले म्हणजे जुलै महिन्यातही माणसाचे अंग धोक्याइतके गार पडू शकते. सोबती कापू लागला, त्याची जीभ जड झाली, तो असंबद्ध बोलू लागला, तर त्याला दम देऊन पुढे रेटू नये. आडोशाला न्यावे, ओले कपडे उतरवून कोरडे घालावे, शुद्धीवर असेल तर गरम व गोड काही पाजावे.

जळवांची भीती मात्र अवास्तव आहे. त्या चिकटणारच. जळू हिसकून काढू नये. नखाने तिचे तोंड हलकेच सरकवावे म्हणजे ती सुटते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असल्याने जखम बराच वेळ वाहते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गव्यांच्या कळपाचे तसे नाही. त्यांना वाट द्यावी आणि छायाचित्राच्या मोहाने जवळ जाऊ नये.

पठारावरचे धुके हे दुसरे प्रकरण. मसाईचे पठार उघड्या हवेत इतके प्रशस्त आणि सरळ वाटते की येथे कोणी चुकेल हे खरे वाटू नये. धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो, गुराढोरांनी पाडलेल्या पायवाटा चारी दिशांना फुटतात आणि पठाराला कडा आहेत याचाही विसर पडतो. अशा वेळी तुकडीने एकत्र येऊन थांबावे. पुढे जाऊन पाहतो म्हणणाऱ्या उत्साही माणसाला बसवून ठेवावे, कारण हरवतो तो बहुधा हाच.

परंतु या वाटेवरचा खरा धोका ओढ्यांचा आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. ही सारी वाट कासारी नदीच्या खोऱ्याला लागून जाते. पावनखिंडीच्या परिसरातच तिचा उगम आहे. डोंगरातून उतरणारे असंख्य ओहळ तिला मिळतात. सकाळी घोट्याइतके पाणी असलेला ओहळ दुपारी कमरेला लागतो. नवख्याची समजूत अशी की पाऊस थांबला म्हणजे पाणी वाढणार नाही. वस्तुतः आपण उभे आहोत तेथे ऊन असले तरी वरच्या पठारावर कोसळत असते आणि ते पाणी काही वेळाने आपल्यापर्यंत येते. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यातून पालापाचोळा व काटक्या येऊ लागणे, ओढ्याचा आवाज घोगरा होणे, या खुणा दिसताच काठापासून दूर व्हावे. गुडघ्याइतके वेगवान पाणी धडधाकट माणसाला पाडण्यास पुरेसे असते. पार करावयाचेच झाले तर पाठीवरच्या पिशवीचा कमरेचा पट्टा आधी सोडावा, म्हणजे पडल्यास ती झटकून टाकता येते. पायांतले बूट काढू नयेत. काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूस टेकावी. तथापि सर्वांत उत्तम उपाय थांबण्याचा आहे. डोंगरातले छोटे ओहळ जसे झपाट्याने चढतात तसेच पाऊस ओसरल्यावर लवकर उतरतातही. दोन तास काठावर बसण्याची तयारी नसल्यामुळे माणसे वाहून जातात. परतीची गाडी चुकेल, सोमवारी कचेरीत हजेरी लागणार नाही, ही कारणे त्या वेळी फार मोठी वाटतात. बर्कीच्या धबधब्याकडे किंवा आंब्याच्या बाजूला केवळ वर्षासहलीसाठी जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. फरशी पुलावरून पाणी वाहत असता त्यात मोटार घालणे हे शौर्य नव्हे.

पाणी किती, वाट कोणती, आज जावे की नाही, या प्रश्नांची उत्तरे देणारी माणसे या वाटेवर पदोपदी आहेत. ती म्हणजे वाड्यांतील शेतकरी आणि धनगरवाड्यांतील गुराखी. आल्प्समध्ये जे काम रंगीत फलक करतात ते येथे इरले पांघरून भाताची रोपे लावणारी बाई करते. "पोरांनो, आज वढा वलांडू नगासा," असे ती सांगते तेव्हा तो परिस्थितीचा अधिकृत अहवाल समजावा. आमचे सुशिक्षित तरुण मात्र हातातील मोबाईलमधल्या नकाशावर अधिक विश्वास ठेवतात. या खोऱ्यांत अनेक ठिकाणी त्याला संपर्क मिळत नाही आणि ओढ्याचे पाणी तर तो मुळीच दाखवीत नाही. संकटसमयी ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक उपयोगी आहेत. परंतु ते लावण्यासाठीसुद्धा बहुधा जवळच्या वाडीपर्यंत जावे लागेल.

इतिहासही याहून वेगळे सांगत नाही. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज बाहेर पडले तेव्हा सोबत सुमारे सहाशे बांदल होते. हे बांदल हिरडस मावळातले, म्हणजे भोरकडचे. डोंगरात जन्मलेली, काटक माणसे खरी. परंतु हा मुलूख त्यांच्या घरचा नव्हता. निघण्यापूर्वी हेरांनी वाट पाहून ठेवली होती, असे परंपरा सांगते. बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांच्या साथीदारांनी घोडखिंडीत जे केले त्याचे स्मरण करीत चालणाऱ्यांनी ही पूर्वतयारीही स्मरावी. बेहिशेबी धाडसाला त्या मोहिमेत कोठेच जागा नव्हती.

वाटाड्या घ्यावा, हे ओघाने आलेच. त्याची मजुरी आधी ठरवावी आणि ठरल्यापेक्षा थोडी अधिक द्यावी. तो भर लावणीच्या दिवसांत आपले शेत सोडून येत असतो. वाडीत जेवण मागितले तर त्याचेही पैसे द्यावेत. गरिबाच्या आदरातिथ्याचा इतिहासप्रेमाच्या नावाखाली फायदा घेणे शोभत नाही. भाताच्या बांधावरून एकामागून एक चालावे. पाचशे माणसांच्या बुटांखाली बांध फुटला की वाफ्यातले पाणी जाते, आणि तो पुन्हा घालण्यासाठी मोहिमेतील कोणीही मागे थांबत नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या व खाऊची वेष्टने यांविषयी लिहावयाचा कंटाळा येतो, इतके ते लिहून झाले आहे. आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत न्यावा, एवढेच पुन्हा सांगतो.

गर्दीबद्दल आणखी एक शब्द. खिंडीत उतरण्यासाठी पायऱ्या व कठडे झाले आहेत, परंतु जागा अरुंद ती अरुंदच. मुख्य तिथीला तेथे हजारोंचा मेळावा जमतो, ओल्या पायऱ्यांवर माणसे छायाचित्रांसाठी खोळंबतात आणि मागून रेटा येत राहतो. अरुंद जागी थांबू नये हा स्की महासंघाचा नियम येथे मोठ्या अक्षरांत लावण्याजोगा आहे. नवख्यांनी, विशेषतः शाळेची मुले घेऊन येणाऱ्या शिक्षकांनी, तिथीच्या आधी वा नंतरचा साधा दिवस निवडावा. दहा मुलांमागे एक जाणता माणूस, सर्वांत पुढे वाटाड्या आणि सर्वांत मागे एक शिक्षक. चालण्याचा वेग मात्र तुकडीतील सर्वांत सावकाश मुलाचा. शिक्षण विभागाची सहलीची परवानगी मिळाली म्हणून ओढ्याची परवानगी मिळाली असे होत नाही, हे मुख्याध्यापकांनीही जाणावे.

व्यक्तीने काय करावे ते झाले. शासनाने व ग्रामपंचायतींनी काय करावे याची यादी मोठी करता येईल, परंतु मोठ्या याद्या मंत्रालयात पडून राहतात. म्हणून एकच सूचना करतो. या वाटेवर जेथे जेथे ओढा ओलांडावा लागतो तेथे काठावरच्या पक्क्या खडकावर किंवा सिमेंटच्या खांबावर तैलरंगाने एक तांबडा पट्टा ओढावा. पाणी पट्ट्याला टेकले की पलीकडे जाऊ नये. पट्टा किती उंचीवर ओढावा हे अभियंत्याने नव्हे, तर त्या वाडीतील म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगावे, आणि खाली त्या वाडीचे नाव व तेथून वाडीपर्यंतचे अंतर मराठीत लिहावे. मोहिमा नेणाऱ्या संस्थांनी ठरविल्यास ज्येष्ठातल्या दोन रविवारी हे काम पुरे होईल.