उठल्याबरोबर वाकू नका. आधी पाठ सरळ करा

हिंगोली - सोयाबीनची कापणी, कापसाची वेचणी आणि हळदीची काढणी ही हिंगोली जिल्ह्यातील शेतीची कामे बहुतांशी कंबरेत वाकूनच करावी लागतात. शहरातील नोकरदारांची मान संगणक आणि मोबाईलवर झुकलेली असते. कामे वेगळी असली, तरी दोघांच्याही पाठीच्या वाट्याला दिवसभर पुढे वाकणेच येते. त्यामुळे सकाळी पुन्हा वाकण्याचे व्यायाम करण्यापेक्षा पाठ हळूहळू सरळ करणे अधिक हिताचे ठरते.

यामागे शरीरशास्त्रीय कारण आहे. पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मध्ये २३ चकत्या असतात. झोपेत त्यांच्यावरील भार कमी होतो आणि त्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणसाची उंची सुमारे एक सेंटिमीटरने अधिक भरते, ती यामुळेच. फुगलेल्या चकत्यांवर पुढे वाकताना जास्त ताण येतो. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात हा फुगवटा बराचसा ओसरतो. अमेरिकेतील स्टोव्हर स्नूक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सकाळी वाकणे टाळल्याने जुनाट कंबरदुखी कमी झाल्याचे आढळले होते.

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी घरोघरी पोहोचविलेला सूर्यनमस्कार हा उत्तम व्यायाम आहे. मात्र त्यात पूर्ण पुढे वाकण्याची स्थिती येते. कंबरदुखी असणाऱ्यांनी तो उठल्यानंतर किमान तासाभराने आणि सल्ल्यानेच करावा.

दहा मिनिटांचा क्रम

- अंथरुणातच उताणे पडून गुडघे उभे करावेत व दहा संथ श्वास घ्यावेत. उठताना कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावे.
- भिंतीला पाठ लावून उभे राहावे. टाचा भिंतीपासून किंचित पुढे ठेवाव्यात. हनुवटी वर न उचलता हळूच मागे घ्यावी. असे पाच वेळा करावे.
- तेथेच कोपरे वाकवून हात भिंतीवरून वर-खाली सरकवावेत. खांदे कानांकडे उचलू नयेत.
- कमरेवर हात ठेवून सोसेल तितकेच मागे झुकावे. असे पाच वेळा करावे.
- शेवटी हात मोकळे सोडून पाच मिनिटे चालावे.

यातील कोणतीही हालचाल दुखेपर्यंत ताणू नये. दिवसभर ताठ राहण्याचा अट्टहासही नको. एकच स्थिती फार वेळ टिकविणे पाठीला त्रासदायक असते. त्यामुळे अर्ध्या तासाने उठून दोन पावले टाकावीत. शेतात काम करणाऱ्यांनीही अधूनमधून उभे राहून मागे झुकावे.

पायात मुंग्या येणे, बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. लघवी वा शौचावरील नियंत्रण जात असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.