त्वचेलगतच्या शिरांचा दाह व रक्तगुठळी : 'वरवरच्या' आजाराचा पुनर्विचार

सारांश : पायाच्या वा हाताच्या त्वचेलगत असलेल्या शिरेत दाह होऊन रक्ताची गुठळी बनणे हा नेहमी आढळणारा आजार आहे. दीर्घकाळ तो निरुपद्रवी मानला गेला. मात्र 2010 नंतरच्या संशोधनाने या समजाला मर्यादा घातल्या आहेत. प्रस्तुत लेखात या आजाराचे स्वरूप, कारणे, निदान व उपचार यांचा आढावा घेऊन 'वरवरचा' या विशेषणाने निर्माण केलेला गैरसमज स्पष्ट केला आहे.

बीजशब्द : नीला, दाह, रक्तगुठळी, अपस्फीत नीला, डॉप्लर तपासणी, गोठणरोधक औषधे.

1. प्रस्तावना

मराठीत 'वरवरचा' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. पृष्ठभागाजवळचा हा त्याचा एक अर्थ, तर फारसा गंभीर नसलेला हा दुसरा. वरवरची जखम म्हटली की ती काळजीचे कारण नाही, असे ऐकणाऱ्याने गृहीतच धरलेले असते. त्वचेलगतच्या शिरेत गुठळी होते तेव्हा या दोन अर्थांची सरमिसळ होते. पोटरीवर वा मांडीवर लाल, तापलेली, दोरीसारखी कडक रेघ दिसते, दुखते, आणि औषधाच्या दुकानातून आणलेले मलम चोळून रुग्ण मोकळा होतो. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. परंतु काही रुग्णांत हीच रेघ खोलवरच्या, प्रसंगी जीवघेण्या गुठळीची दृश्य खूण असते. कोणता रुग्ण कोणत्या गटातला, हे केवळ डोळ्यांनी ठरवता येत नाही. या आजारातील खरा प्रश्न हाच आहे.

2. शरीररचना व संज्ञा

अशुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिनीला शालेय पाठ्यपुस्तकांत 'नीला' म्हटले आहे. बोलीत तिलाच 'शीर' म्हणतात. पायातील नीलांचे दोन मुख्य प्रकार आहेत. स्नायूंच्या आत, हाडांच्या आश्रयाने जाणाऱ्या त्या खोल नीला. पायाच्या रक्तप्रवाहाचा फार मोठा भाग त्यांतून वाहतो. त्वचेखालील चरबीच्या थरातून जाणाऱ्या त्या त्वचेलगतच्या नीला. या दुसऱ्या प्रकारात दोन नीला प्रमुख आहेत. मोठी सॅफेनस नीला घोट्याच्या आतील बाजूच्या पुढून निघून मांडीच्या आतील बाजूने जांघेपर्यंत जाते व तेथे खोल फीमोरल नीलेस मिळते. लहान सॅफेनस नीला घोट्याच्या बाहेरील बाजूच्या मागून निघून पोटरीच्या मागून गुडघ्याच्या खळगीकडे जाते. याशिवाय अनेक छेदक नीला दोन्ही प्रकारांना ठिकठिकाणी जोडतात. म्हणजेच त्वचेलगतच्या व खोल नीला या दोन अलग व्यवस्था नसून एकाच जाळ्याचे दोन मजले आहेत.

संज्ञेमुळे होणाऱ्या घोटाळ्याचे एक बोलके उदाहरण वैद्यकाच्या इतिहासातच आहे. मांडीतील एका खोल नीलेला अनेक वर्षे 'सुपरफिशियल फीमोरल व्हेन' असे नाव होते. नावात 'वरवरची' असली तरी ती प्रत्यक्षात खोल नीला आहे. 1995 मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातील लेखाने या नावाला 'घातक ठरू शकणारे चुकीचे नाव' ठरवले. सर्वेक्षणातील बहुसंख्य डॉक्टरांनी नावावर विसंबून, त्या नीलेतील गुठळीसाठी आवश्यक असलेले गोठणरोधक औषध दिले नसते, असे त्यात दिसून आले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार या नीलेला केवळ 'फीमोरल नीला' म्हणावे असे ठरले. एका विशेषणाने उपचाराची दिशा बदलू शकते, हे यावरून ध्यानात येते.

3. गुठळी बनण्याची प्रक्रिया

जर्मन रोगशास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गुठळी बनणे व ती सुटून अन्यत्र अडकणे या दोन घटनांतील संबंध दाखवून दिला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रयीत तीन घटक येतात : रक्तप्रवाह मंदावणे, नीलेच्या आतील अस्तरास इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. यांपैकी एक वा अधिक घटक उपस्थित असले की गुठळीस अनुकूल स्थिती निर्माण होते.

त्वचेलगतच्या नीलेत गुठळीबरोबर भिंतीचा दाहही ठळक असतो. लाली, उष्णता, वेदना व कडकपणा ही त्याचीच लक्षणे होत. हा दाह बहुधा जंतूंमुळे होत नाही. त्यामुळे प्रतिजैविकांचा येथे सहसा उपयोग नसतो. दाहामुळे गुठळी भिंतीस घट्ट चिकटते व म्हणून ती सुटत नाही, असा युक्तिवाद पूर्वी केला जाई. तो अंशतः खरा असला तरी गुठळी सुटली नाही म्हणजे ती वाढत नाही, असे नव्हे. ती नीलेतून पुढे सरकत जाऊन जांघेतील वा गुडघ्यामागील संगमातून, अथवा छेदक नीलांतून, खोल नीलेत पोहोचू शकते.

4. कारणे

पायातील या आजाराचे सर्वांत प्रमुख कारण अपस्फीत नीला, म्हणजेच फुगलेल्या व वेड्यावाकड्या झालेल्या शिरा हे होय. नीलांतील झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते व प्रवाह मंदावतो. आनुवंशिकता, वाढते वय, गर्भारपण, लठ्ठपणा आणि दीर्घकाळ उभे राहण्याचा व्यवसाय यांचा अपस्फीत नीलांशी संबंध आहे. तासन्‌तास फळ्यापुढे उभे राहणारा अध्यापकवर्ग, वाहतूक पोलीस व दुकानांतील विक्रेते यांना म्हणूनच हा विषय परका नाही.

इतर कारणांत बाळंतपणानंतरचा काळ, संततिनियमनाच्या इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या, शस्त्रक्रिया वा आजारपणामुळे आलेली निश्चलता, आणि रक्त गोठण्याच्या आनुवंशिक दोषांचा समावेश होतो.

फुगलेल्या शिरा नसतानाही दाह होत असेल, अथवा तो एका जागी बरा होऊन दुसरीकडे उद्भवत असेल, तर अधिक शोध घेणे आवश्यक ठरते. फ्रेंच वैद्य आर्मां ट्रूसो यांनी 1865 मध्ये अशा फिरत्या दाहाचा कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. पुढे 1867 मध्ये त्यांना स्वतःच्या शरीरात हेच लक्षण दिसले व त्याच वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. फिरत्या दाहाचे दुसरे महत्त्वाचे कारण बर्गर रोग हे होय. लिओ बर्गर यांनी 1908 मध्ये न्यूयॉर्क येथे त्याचे सविस्तर वर्णन केले. तंबाखूशी घट्ट निगडित असलेला हा रोग मुख्यतः तरुण पुरुषांत आढळतो. भारतात विडी ओढणाऱ्यांत तो विशेष परिचित आहे. शिरेची साधी वाटणारी रेघ येथे बोटे वा पाय गमावण्याच्या धोक्याची पूर्वसूचना असू शकते, आणि तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच त्यावरील मूलभूत उपाय आहे.

हातावरील दाहाचे नेहमीचे कारण मात्र वेगळे आहे. सलाईन वा औषध देण्यासाठी बसवलेली सुईनळी आणि त्यातून जाणारी पोटॅशियम क्लोराइडसारखी दाहक द्रव्ये यांनी अस्तरास इजा होते. नळी ठरावीक दिवसांनी बदललीच पाहिजे, असा दंडक अनेक रुग्णालयांत होता. ऑस्ट्रेलियात झालेल्या व 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 3283 रुग्णांच्या चाचणीत, दर तिसऱ्या दिवशी नळी बदललेल्या आणि गरजेनुसारच बदललेल्या अशा दोन्ही गटांत दाहाचे प्रमाण सारखेच, सुमारे 7 टक्के, आढळले. याचा अर्थ घड्याळापेक्षा परिचारिकेची रोजची नजर अधिक मोलाची आहे. वेदना वा लाली दिसताच नळी काढणे, हा येथील पहिला उपचार होय.

5. धोक्याचे मोजमाप

फ्रान्समधील 844 रुग्णांचा 'पोस्ट' हा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. पायातील त्वचेलगतच्या नीलेत किमान 5 सेंटिमीटर लांबीची गुठळी असलेले रुग्ण त्यात होते. त्यांपैकी जवळजवळ 25 टक्के रुग्णांत तपासणीच्या वेळीच खोल नीलेत गुठळी अथवा फुप्फुसात अडकलेली गुठळी आढळली. म्हणजे चारांपैकी एका रुग्णाचा आजार दिसत होता तेवढाच नव्हता. ज्यांचा आजार त्वचेलगतच मर्यादित होता, त्यांतील सुमारे 10 टक्के रुग्णांत पुढील 3 महिन्यांत गुठळीशी संबंधित गुंतागुंत झाली, आणि तीही बहुतेकांना गोठणरोधक औषध मिळालेले असताना.

हे आकडे विशेषज्ञांकडे पोहोचलेल्या रुग्णांचे आहेत, ही मर्यादा लक्षात घ्यावयास हवी. घरच्या घरी बरे होणारे लहानसे दाह त्यात मोजले गेलेले नाहीत. तरीही लांब गुठळीच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नये, हा निष्कर्ष त्याने बाधित होत नाही.

6. निदान व उपचार

लाल रेघेवरून आजार ओळखता येतो, पण त्याचा विस्तार ओळखता येत नाही. गुठळी हाताला लागते त्याहून वरपर्यंत गेलेली असू शकते. म्हणून पायातील दाहात डॉप्लर सोनोग्राफी करून तीन प्रश्नांची उत्तरे मिळवणे इष्ट ठरते : गुठळीची लांबी किती, जांघेतील संगमापासून तिचे अंतर किती, आणि खोल नीला मोकळ्या आहेत काय. त्वचेच्या जंतुसंसर्गापासून हा आजार वेगळा ओळखण्यासही ही तपासणी उपयुक्त ठरते.

उपचाराची दिशा या उत्तरांवर ठरते. गुठळी 5 सेंटिमीटरपेक्षा लहान व संगमापासून दूर असेल, तर दाहशामक औषधे, चालते-फिरते राहणे व योग्य मापाचे दाबमोजे एवढे सहसा पुरते. मात्र पायाच्या रोहिण्यांतील रक्तपुरवठा कमी असल्यास दाबमोजे वैद्यकीय सल्ल्यावाचून घालू नयेत. हेपारिनयुक्त मलमाने वेदना कमी होतात, परंतु ते खोल नीलेचे रक्षण करते असे मानता येत नाही.

गुठळी 5 सेंटिमीटर वा अधिक लांब असेल, तर गोठणरोधक औषधाचा विचार केला जातो. यास आधार देणारी 'कॅलिस्टो' ही चाचणी 2010 मध्येच प्रसिद्ध झाली. 3002 रुग्णांच्या या चाचणीत फोंडापॅरिनक्स 2.5 मिलिग्रॅमचे इंजेक्शन रोज एक याप्रमाणे 45 दिवस दिले गेले. मृत्यू, खोल वा फुप्फुसातील गुठळी, मूळ गुठळीची वाढ वा पुनरुद्भव यांचे एकत्रित प्रमाण औषध घेणाऱ्यांत 0.9 टक्के, तर निरौषध इंजेक्शन घेणाऱ्यांत 5.9 टक्के होते. मोठा रक्तस्राव दोन्ही गटांत प्रत्येकी एकाच रुग्णास झाला. तथापि केवळ खोल व फुप्फुसातील गुठळीचा विचार केल्यास हे प्रमाण अनुक्रमे 0.2 व 1.3 टक्के होते. एका रुग्णाची अशी गुठळी टाळण्यासाठी सुमारे 88 रुग्णांना दीड महिना इंजेक्शन द्यावे लागते, म्हणून खर्चाच्या अंगाने या उपचारावर चर्चा झाली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सरप्राइज' चाचणीत रिव्हारोक्सॅबन ही तोंडाने घ्यावयाची गोळी या इंजेक्शनहून उणी नसल्याचे दिसले. इंजेक्शन घेणे शक्य नसलेल्यांसाठी त्यामुळे पर्याय उपलब्ध झाला.

गुठळी जांघेतील संगमापासून 3 सेंटिमीटरच्या आत असेल, तर ती सामान्यतः खोल नीलेतील गुठळीच समजून पूर्ण मात्रेत उपचार केले जातात. येथे 'त्वचेलगत' व 'खोल' हा भेद उपचारापुरता संपुष्टात येतो.

7. व्यवहारातील काही गैरसमज

गुठळी सुटेल या भीतीने रुग्णास अंथरुणात पडून राहण्यास सांगितले जाते. विश्रांतीने प्रवाह अधिकच मंदावतो, म्हणून चालणे हितकर असते. दुखरी शीर जोराने चोळणे मात्र टाळावे. दाह ओसरल्यावर कडक गाठ वा तपकिरी डाग काही आठवडे वा महिने राहू शकतो. तो आजार न हटल्याचा पुरावा नव्हे. मूळ कारण अपस्फीत नीला असल्यास, दाह शमल्यानंतर त्यांवर उपचार केल्याने पुनरुद्भवाची शक्यता कमी होते. अचानक दम लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे वा संपूर्ण पाय सुजणे ही लक्षणे दिसल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.

8. समारोप

त्वचेलगतच्या शिरेतील प्रत्येक गुठळी धोकादायक आहे, असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच प्रत्येक गुठळी निरुपद्रवी आहे असे मानणेही चुकीचे होय. पहिल्या चुकीने रुग्णावर अनावश्यक खर्च व औषधे लादली जातात, तर दुसरीने टाळता येण्याजोगा मृत्यू ओढवू शकतो. या दोहोंमध्ये विवेक करण्याचे साधन म्हणजे एक वेदनारहित तपासणी आणि 5 व 3 सेंटिमीटर ही दोन मापे. 'वरवरची' हे विशेषण शिरेचे स्थान सांगते. आजाराची गंभीरता ठरविण्याचा अधिकार त्या विशेषणास नाही.